पलंगाखालचा वजनकाटा

ताई,

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते, ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी करते. वय २९, पहिलीच खेप, चोविसावा आठवडा चालू आहे. उंची १५७ सेंटिमीटर, दिवस राहायच्या आधी वजन ५८ किलो. पहिले तीन महिने उलट्यांनी जीव नकोसा झाला, तेव्हा साडेछप्पनवर आले होते. मग सगळं गोड लागायला लागलं. आधीच्या तपासणीला ६०.७ होते, चार आठवड्यांनी गेले तर ६४.५. डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या, "फार वाढतंय, कंट्रोल करा." तेवढ्यात पुढची पेशंट आत आली.

घरी सासूबाई म्हणतात, दोन जिवांची आहेस, दोघांचं खा. डोंबिवलीहून आई दर रविवारी लाडवांचा डबा पाठवते. मी बारा दिवसांपासून भात बंद केलाय आणि रात्रीचं जेवणही. सासूबाईंना सांगते, ॲसिडिटी झालीय. मग त्या थंड दूध साखर घालून आणून देतात! १.३ किलो उतरले, बरं वाटलं. पण परवा ठाणे स्टेशनच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली, एका अनोळखी बाईने धरून खाली बसवलं. घरी कुणाला सांगितलं नाही. वजनकाटा पलंगाखाली सरकवून ठेवलाय, दिवसातून तीन वेळा काढून बघते.

एकूण किती वाढायला हवं? माझ्या न जेवण्याने बाळाला काही झालं असेल का? आणि सासूबाईंना कसं थांबवू?

— पाचपाखाडीची वाचक

---

बाळ,

तुला अरेतुरे करतेय, राग मानू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

प्रश्न तीन विचारलेस, पण मी अडले ती पुलावरच्या गोष्टीपाशी. ती तू जाता जाता लिहिलीस, म्हणून मी तिथूनच सुरू करते. उद्या सकाळी दवाखान्यात फोन कर. पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. सांग, की चक्कर आली होती आणि बारा दिवस रात्रीची जेवले नव्हते. दोन्ही सांग, पहिलं सांगून दुसरं गिळू नकोस. कारण साधं असू शकतं. या महिन्यांत रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी जरा खाली राहतं, त्यात पोट रिकामं आणि वर संध्याकाळची ठाणे स्टेशनची गर्दी. पण हिमोग्लोबिन कमी असलं तरी असंच होतं. गरोदर बाईचं ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आणि आपल्याकडे तो घरोघरी आहे. एकदा रक्त तपासून घेतलं की अंदाज बांधत बसायला नको.

त्याच फेरीत साखरेच्या तपासणीचं विचार. ती २४ ते २८ आठवड्यांत करतातच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याच्या वर आला तर गरोदरपणातला मधुमेह समजून पुढचं ठरवतात. महिन्यात जवळजवळ चार किलो वाढल्यावर ही तपासणी लांबवायची नसते. आणि काही खाऊन जायचं की उपाशी, हे आदल्या दिवशी विचारून घे. मनानेच उपाशी जाऊ नकोस, तुला सध्या ती सवय लागलीय.

आता बाळाचं. बारा दिवसांत त्याचं काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही. तुझ्या अंगात साठा आहे, बाळ त्यातून घेतं. तेव्हा रात्री जागून स्वतःला दोष देणं आजपासून बंद. पण हे पुढे चालवायचं नाही, आणि का ते नीट समजून घे. तू संध्याकाळी पाचला ऑफिसात खाखरा खातेस असं धरू, त्यानंतर एकदम सकाळी नऊला नाश्ता. मध्ये सोळा तास, त्यात फार तर ते साखरेचं दूध. गरोदर शरीराला इतका उपास झेपत नाही. एरवीपेक्षा फार लवकर ते साखर संपवून चरबी जाळायला घेतं आणि लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, दिसायला लागतात. आणि तो १.३ किलो? त्यातलं बरंचसं पाणी आहे. भात-पोळी एकदम कमी केली की स्नायूंतला साखरेचा साठा रिकामा होतो आणि त्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी जातं. काटा खाली येतो, चरबी जागच्या जागी. बारा रात्रींच्या उपाशीपोटाचं फळ म्हणशील तर एवढंच.

डॉक्टर "कंट्रोल करा" म्हणाल्या आणि तू ऐकलंस "उपाशी राहा". दोष सगळा तुझा नाही, अर्ध्या मिनिटात सांगितलेला सल्ला असाच घरी पोचतो. मी पंचवीस वर्षं आहारसल्ला देते आणि बहुतेक बायका माझ्याकडे याच वाक्याचा अर्थ विचारायला येतात.

एकूण किती

किती वाढायला हवं हे आधीच्या वजनावर ठरतं. तुझ्या उंचीला ५८ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, साधारण २३.५. सगळीकडे वापरतात तो तक्ता अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेला. त्यात १८.५ च्या खालच्या, म्हणजे बारीक बायकांना साडेबारा ते अठरा किलो. १८.५ ते २४.९ वाल्यांना साडेअकरा ते सोळा. २५ ते २९.९ असेल तर सात ते साडेअकरा, आणि तीस किंवा त्यावर असेल तर पाच ते नऊ. या हिशेबाने तू मधल्या गटात बसतेस आणि सोळा किलोपर्यंत तुला मुभा.

पण इथे एक मेख आहे. तो तक्ता अमेरिकन बायकांसाठी केलेला. आपल्याकडे पोटावरची चरबी आणि मधुमेह कमी वजनातच गाठतात, म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढतात. त्या रेघेने तू काठावर, जरा पलीकडेच आहेस. म्हणून तुझ्यासाठी मी सोळाकडे बघणार नाही, दहा ते बारा किलोकडे बघेन. नेमका आकडा तुझ्या डॉक्टरांकडून मागून घे आणि फाईलवर लिहून घे. मागितल्याशिवाय तो मिळत नाही, हा माझा अनुभव.

आज तू साधारण ६३.२ वर आहेस. अजून सोळा आठवडे. आठवड्याला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम वाढलीस तरी शेवटी एकोणसत्तरच्या आसपास येशील, म्हणजे एकूण अकराच्या आत-बाहेर. बघ, कुठे काय हाताबाहेर गेलंय? आता वाढूच नये असं कुणी म्हणत नाही. हळू वाढावं, एवढंच.

आणि ते चार किलो. तुझं पत्र नवरात्रातलं आहे. त्यापासून मागे मोजत गेले तर तुझ्या त्या चार आठवड्यांत गौरी-गणपती येतात. खरं सांग, किती घरी दर्शनाला गेलीस? प्रत्येक घरी "तू तर घ्यायलाच हवं" म्हणत वाटीत दोन मोदक, वर तुपाची धार. पुरणपोळी, पेढे, शेवटी विसर्जनाच्या दिवशीची वाटली डाळ. शिवाय दवाखान्यात वजन केलं तेव्हा दुपारचं जेवण झालेलं असणार, अंगावर जाड कुर्ता, आयर्नच्या गोळीने पोट दोन दिवस साफ नसणार. या सगळ्याचा मिळून किलोभर सहज होतो. गणपती गेले, तो वेग आता राहायचा नाही.

लोकांना वाटतं गरोदर बाईचं वजन म्हणजे नुसती चरबी. अकरा-बारा किलो जातात कुठे, सांगते. बाळ तीनेक किलो. वार अर्धा किलोच्या वर, गर्भजल किलोला थोडं कमी, गर्भाशय स्वतः वाढून किलोभर. स्तनांचं अर्धा किलो. रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्याचे सव्वा-दीड किलो, अंगातल्या जादा पाण्याचे तितकेच किंवा थोडे जास्त. उरलेली तीन-साडेतीन किलो चरबी, आणि ती पुढे अंगावर पाजताना उपयोगी पडते. हा हिशेब नवऱ्याला वाचून दाखव. काट्यावर उभी राहिलीस की तो कोणता आकडा बघतोय हे त्याला कळू दे.

(माझ्या पहिल्या वेळी १७ किलो वाढले होते. कुणी काही बोललं नाही, उलट कौतुक झालं. त्यातले सहा अजून माझ्यासोबत नांदताहेत.)

सासूबाई

त्यांना थांबवायचं नाही. त्यांना काम द्यायचं.

"दोघांचं खा" यामागे काय आहे ते जरा समजून घे. त्यांच्या पिढीतल्या किती बायका पोटुशी असतानाही सगळ्यांच्या शेवटी जेवल्या, पातेल्यात जे उरलं त्यावर. भाजी संपलेली, भाकरी गार. त्या बाईला सून आली आणि तिला दिवस गेले, की तिच्या ताटात ती काय वाढते? स्वतःच्या ताटात तेव्हा जे नव्हतं ते. आईच्या लाडवांचंही तसंच, त्यात थोडी विहिणींची चढाओढ. सल्ला चुकीचा असेल, पण त्याला आडवी जाऊन तू जिंकणार नाहीस. आणि ॲसिडिटीचं खोटं तर रोज रात्री साखरेचं दूध होऊन तुझ्याकडेच परत येतंय!

मग खरा हिशेब त्यांच्यापुढे मांड. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काहीच लागत नाही. त्यानंतर आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जास्त सांगितल्या आहेत. ३५० म्हणजे दुसरं ताट नव्हे. एक पेला दूध, मूठभर शेंगदाणे आणि एक केळं, की भरलंच. प्रथिनं मात्र खरोखर वाढवावी लागतात. एरवी बाईला ४६ ग्रॅमच्या आसपास, मधल्या तीन महिन्यांत त्यावर साडेनऊ, शेवटच्या तीन महिन्यांत बावीस. तू अजून मधल्या टप्प्यात आहेस, म्हणजे दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून ६८. ते लाडवांतून येत नाहीत. येतात मोड आलेल्या मटकीतून, घट्ट वरणातून, अंड्यातून, दह्यातून, बांगड्यातून.

हे सासूबाईंना सांगायची माझी रीत अशी: "आई, मला सकाळी डब्यात मटकीची उसळ द्याल का? ऑफिसचं कँटीन नको वाटतं." बघ काय होतं. रात्रीच मटकी भिजेल. दुसऱ्या दिवशी मूग, तिसऱ्या दिवशी थालीपीठ आणि दही. वाढायची हौस तीच, फक्त वाटी बदलली. आणि पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आणि सुनेच्या तोंडून ऐकलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

डिंकाचे लाडू तसे बाळंतिणीचे. आईला सांग, तुझे लाडू बाळंतपणानंतर हवेत, तेव्हा दोन डबे पाठव. तोवर आठवड्याला दोन पुरेत. ते खा, लपूनछपून नको. सकाळी दुधाबरोबर बसून, चावून. जेवणावर पान खाल्ल्यासारखा वर एक लाडू, असं नको.

ताटात काय

भात पहिला परत आण. भात बंद झाला आणि खाखरा, डाएट चिवडा, मारी बिस्किटं आली, म्हणजे बदल काय झाला? वाटीभर भात, त्यावर दोन वाट्या वरण किंवा आमटी, पालेभाजी, काकडी. भातापेक्षा वरण जास्त, एवढंच लक्षात ठेव.

तुझी खरी अडचण मला वेळेची दिसते. ऐरोलीहून सुटून, ठाण्याला उतरून, रिक्षाच्या रांगेतून घरी पोचायला आठ होत असणार. तोवर पोटात काही नाही, म्हणून स्टेशनबाहेरचा वडापाव किंवा घरी पोचताच डब्यात हात. मग जेवण दहाला, कारण सगळे एकत्र बसतात. हे उलट कर. ऑफिसातून निघायच्या आधी, साडेपाच-सहाला, नीट खा: उकडलेलं अंडं आणि पोळी, किंवा चणे-शेंगदाणे आणि एक फळ, किंवा सकाळची उरलेली उसळ. मग लोकलमध्ये अंधारी यायची नाही. घरी आल्यावर साडेआठला थोडं जेव, सगळ्यांच्या आधी जेवलीस तर आकाश कोसळत नाही. झोपताना दूध हवं तर बिनसाखरेचं, आणि सासूबाईंच्या हातचंच. नाहीतर त्यांना चुकल्यासारखं होईल.

गर्दीवरून आठवलं. गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो. पोट फारसं दिसत नसलं तरी लाजू नकोस, फाईलचा पहिला कागद पर्समध्ये ठेव.

लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नकोस, दोघींचं पटत नाही. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहाही नको. त्यापेक्षा लिंबू पिळलेलं पाणी बरं. मासे खात असशील तर बांगडा, बोंबील, पापलेट खा. मोरी, म्हणजे शार्क, टाळ, तिच्यात पारा जास्त असतो.

दिवाळीचं विचारलं नाहीस, पण मनात असणार. फराळ खा. चार वाजताच्या खाण्याला चकली आणि थोडा चिवडा घेतलास, तर त्या दिवशीचं चार वाजताचं खाणं तेच. प्रत्येक घरी "चव तरी बघ" मध्ये दहा चवी होतात, तिथे हसून पुडी बांधून मागायची. डोहाळजेवणाला मात्र हिशेब नको. झोपाळ्यात बसलेल्या बाईने बोटांवर कॅलरी मोजलेल्या मला आवडत नाहीत.

चालणं

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं चांगलं. दिवसाला अर्धा तास, पाच दिवस. बोलता येईल पण गाता येणार नाही इतकाच वेग. कचराळी तलाव तुला जवळ आहे, सकाळी तिथे बरं. तलावपाळीला संध्याकाळी जाऊ नकोस असं म्हणत नाही, पण तिथे माझी स्वतःची पावलं नेहमी भेळेच्या गाडीकडे वळतात, म्हणून सांगते. अंधारीचं कारण कळेपर्यंत एकटी जाऊ नकोस. नवऱ्याला उठव. पुलावरची गोष्टही त्याला त्याच फेरीत सांगून टाक.

एक गोष्ट मात्र गणपती-दिवाळीच्या खात्यात कधीच टाकायची नाही. आठवड्यात एकदम किलो-दीड किलो वाढलं आणि त्यासोबत चेहरा किंवा हात सुजले, अंगठी निघेना, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांसमोर काजवे चमकले, बरगडीखाली दुखलं, किंवा बीपी १४०/९० वर गेलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. ते वजन अन्नाचं नसतं, पाण्याचं असतं, आणि ते धोक्याचं असतं. संध्याकाळी पाय थोडे सुजणं वेगळं, ते बहुतेकींना होतं.

इतर वाचकांसाठी: खाजगी दवाखान्याचा खर्च जड जात असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी मोफत होते. वजन, बीपी, रक्त, सगळं.

तर उद्या फोन. आज रात्री वरण-भात. आणि तो काटा रविवार सकाळपर्यंत पलंगाखालीच राहू दे. रविवारी उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच गाऊनमध्ये, आठवड्यातून एकदाच बघ आणि फाईलच्या मागच्या पानावर तारखेसकट लिही. पुढच्या तपासणीला ते पान डॉक्टरांच्या समोर ठेवलंस, की त्यांना मान वर करावी लागेल.

— तुझी ताई